ब्रेक कोणी बसवले होते

दादा,

काल तुझी तेरवी झाली. पंगती उठल्या, आणि मांडवात उरलेल्या वीस-पंचवीस माणसांसमोर मी तुझ्या ब्रेकचा किस्सा सांगितला. हातवारे करून, आवाज काढून, नेहमीसारखा. लोक पोट धरून हसले. मीही हसलो. सासऱ्यांच्या टोपीची जागा आली तेव्हा मी सवयीनं थांबलो आणि कोपऱ्यातल्या खुर्चीकडं पाहिलं, कारण त्या जागी तू नेहमी ओरडतोस, "अन् टोपी? टोपीचं सांग ना बे!" खुर्चीवर उरलेल्या पत्रावळींचा गठ्ठा ठेवलेला होता.

तू गेलास हे मला तेव्हा कळलं. तेरा दिवस मी ते लोकांना सांगत होतो. तारा केल्या, पत्रं लिहिली, खांदा दिला. पण कळलं काल, पत्रावळींकडं बघून.

माझ्या डोक्याचं हे असंच आहे, तुला माहीत आहे. त्या मंगळवारी शाळेचा शिपाई वर्गाच्या दारात आला आणि म्हणाला, "सर, प्रताप नगरच्या भाऊंचं कमीजास्त झालं, लवकर निघा." मी सातवीला विषुववृत्त शिकवत होतो. मी म्हटलं, "हो, निघतो," आणि फळ्याकडं वळून अर्धं राहिलेलं वाक्य पुरं केलं. '...म्हणून तेथे दिवस व रात्र जवळजवळ समान असतात.' पूर्णविराम दिला. पोरांना म्हटलं, उतरवून घ्या. मग हातावरचा खडू झटकला. भाऊ गेल्याची बातमी ऐकून पूर्णविराम देणारा माणूस मी.

वहिनीनं सांगितलं ते मी चारदा विचारून घेतलं, तरी डोक्यात शिरत नाही. तू अंघोळ करून व्हरांड्यात बसलास. चहा घेतला. म्हणालास, "साखर कमी आहे वं." ती साखरेचा डबा आणायला आत गेली आणि बाहेर आली. एवढंच. साखर आणायला किती वेळ लागतो, दादा? तुमचं स्वयंपाकघर काय लांब आहे? बावन्न वर्षांचा माणूस, ज्याला साधं पडसं झालेलं मी पाहिलं नाही, तो तेवढ्यात कुठं जाऊ शकतो?

पण हे लिहायला बसलो ते याच्यासाठी नाही. काल किस्सा संपला, लोक डोळे पुसत होते, हसण्यानं की रडण्यानं ते त्यांचं त्यांनाही कळत नसेल. तेवढ्यात वहिनी सुपारीची थाळी घेऊन बाहेर आली. थाळी माझ्यासमोर धरून ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तुम्ही सांगता छान, भाऊजी. पण तुमचं हे ऐकूनच मी त्या गाडीत कधी बसली नाही."

मी म्हटलं, "काय?"

"थे झालं तवा मी माहेरी होती. तुमच्या लग्नात पयल्यांदा ऐकलं. मीना पोटात होती माह्या. मी म्हटलं, ज्या माणसाले ब्रेकचं निपल वर का खाली थे समजत नाही, त्याच्या हातचे ब्रेक. नाही बसली बा मंग. मीनालेही नाही बसू दिलं." थाळी पुढच्या माणसाकडं नेत म्हणाली, "उद्या दहा वाजता भंगारवाला येऊन राह्यला. नेऊ द्या आता थे गाडी."

माझे दोन्ही हात हवेत होते, स्टिअरिंग धरल्यासारखे. किस्सा संपताना मी ते तसे धरतो. ते खाली कधी आले मला आठवत नाही.

वहिनीला उन्हानं डोकं दुखतं म्हणून ती उघड्या गाडीत बसत नाही, असं आम्ही सगळे समजत होतो. तूही तसंच सांगायचास. सोळा वर्षं. आणि कारण मी होतो. तुझी गाडी आज सकाळी दहाला भंगारात जाणार होती, तेही माझ्यामुळं, कारण तो किस्सा खोटा आहे आणि हे जगात दोघांनाच माहीत होतं. त्यातला एक तू.

म्हणून जसं झालं तसं एकदा लिहितो. तुला पाठ आहे, तरी ऐक.

ती गाडी तुला कामठीला चिंचेखाली सापडली. छावणीतला कोणी साहेब टाकून गेला होता. दोन माणसांची, छप्पर मागं पडणारी, नाक लांब आणि बूड जमिनीला टेकलेलं. कधीकाळी लाल असलेली. आत एक कोंबडी खुडूक बसली होती आणि मालकानं अट घातली, की पिल्लं निघेपर्यंत गाडी हलवायची नाही. तू मिलमधला साधा टर्नर, पण तीन आठवडे दर रविवारी सायकलनं कामठीला जाऊन कोंबडीची विचारपूस करून येत होतास. गाडी बैलगाडीमागं बांधून प्रताप नगरात आणली तेव्हा तिथं चार घरं आणि बाकी तुरीच्या शेतांतल्या तुऱ्हाट्या. तुझ्याकडं राहणारी आपली काकू दारात येऊन म्हणाली, "हे काय भेदरं घेऊन आला गा?" आपल्याकडं टमाटरला भेदरं म्हणतात. गाडीचं बारसं तिथंच झालं.

इंजिन तू दोन महिन्यांत बोलतं केलंस. अडचण थांबण्याची होती. जुने ड्रम ब्रेक. पहिल्यांदा दाबले की गाडी थांबायची, दुसऱ्यांदा विचार करायची, तिसऱ्यांदा चाललीच आपली. तू मला समजावलंस, "ड्रममंधी गरमी कोंडून राह्यते, बंडू. आतले शू तापले का पकड सुटते. डिस्कले कशी उघडी हवा भेटते." मग कामठीलाच ट्रकनं चेपलेली एक मोठी विलायती गाडी भंगारात आली. मागचा भाग पापड झालेला, पुढची चाकं धड. त्या चाकांच्या डिस्क, म्हणजे लोखंडी तबकड्या, आणि त्यांना दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारे जबडे तू पोत्यात घालून आणलेस. ते आपल्या गाडीला बसणारे नव्हतेच. तू मिलच्या लेथवर, पाळी संपल्यावर फोरमनची परवानगी काढून, तबकड्या कातून लहान केल्यास, जाड पत्र्याच्या चार भोकांच्या पट्ट्या केल्यास, आणि त्या पट्ट्यांवर जबडे बसतील असं केलंस. तीन महिने लागले. एक पट्टी पोस्टकार्डाच्या जाडीएवढी चुकली म्हणून फेकून पुन्हा केलीस. मला त्या तीन महिन्यांत एकच प्रश्न पडला होता, की रंग कधी देणार.

आपला तो वाद अजून मिटलेला नाही. माझं म्हणणं, आधी रंग. वर्ध्याचे ओव्हरसियर त्यांच्या मुलीसाठी मला पाहायला येणार होते. आम्ही मुलगी पाहून आलो होतो, पसंतीही होती. पण त्या गृहस्थांचं म्हणणं, मीही मुलाचं घर पाहीन, माणसं पाहीन. मी म्हटलं, "दादा, लाल चकचकीत गाडीतून त्यांना फिरवलं तर काम फत्ते. ब्रेक कोणाला दिसतात?"

तू चाकाखालून म्हणालास, "ज्याले थांबाचं असते त्याले दिसते."

"मग इंजिनाचं तरी काही कर. पळाली पाहिजे."

"पयले थांबू दे गा तिले. पळते थे पळतेच."

त्या शनिवारी तू पहिल्या पाळीला गेलास. ओव्हरसियर रविवारी सकाळच्या गाडीनं येणार होते. जाताना मला सांगून गेलास, की चार वाजता येतो, मग दोघं मिळून जबडे बसवू, तोवर हात लावू नको. मला 'हात लावू नको' म्हटलं की काय होतं ते तू लहानपणापासून पाहिलं होतंस. मी दुपारभर घाम गाळून दोन्ही जबडे एकट्यानं बसवले. सहा बोटांची सालं निघाली. भूगोलाच्या मास्तरनं गाडीला ब्रेक बसवले म्हणून मी स्वतःवर इतका खूश होतो, की काकूला बोलावून दाखवले. काकू म्हणाली, "बरं आहे, हात धू."

दोन्ही जबडे दिसायला जुळे भाऊ. फरक एवढाच, की एक उजव्या चाकाचा, एक डाव्या. अदलाबदल झाली तरी बोल्ट बसतात, सगळं ठाकठीक दिसतं. फक्त हवा काढायचं छोटं तोंड, ते निपल, वर असायचं ते खाली येतं. माझी अदलाबदल झाली होती.

तू चारला आलास. रागावला नाहीस. म्हणालास, "वा, मास्तर!" दमलेला होतास म्हणून तू सीटवर बसलास पायडल दाबायला आणि मी पाना घेऊन चाकाशी. ब्रेकच्या नळ्यांतून हवा काढायचं काम एकट्याचं नाही. एकानं दाबायचं, दुसऱ्यानं निपल सैल करायचं, हवेचे बुडबुडे आणि तेल बाहेर आलं की आवळायचं. मी ओरडत होतो, "दाब! धर! सोड!" आणि तू दाबत होतास, धरत होतास, सोडत होतास. मोठा भाऊ माझ्या हुकमात, आयुष्यात एकदाच. मला फार मजा आली.

मग तू म्हणालास, "पायडल नरम लागून राह्यलं बंडू. हवा राह्यली असन कुठं. निपल वर आहे ना? हवा वर चढते, निपल वरच पायजे."

मी पाहिलं. निपल जमिनीकडं तोंड करून होतं.

दादा, इथं मला थोडं थांबावंसं वाटतं. सोळा वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की मला कळलं नाही, अज्ञान होतं, मास्तर माणूस, यंत्रातलं काय कळणार. ते खोटं आहे. मला त्या क्षणी स्वच्छ कळलं. पण बोल्ट आवळून झाले होते, बोटं सोललेली होती, उद्याच्या सदऱ्याला अजून इस्त्री करायची होती, आणि काकूला मी दाखवून बसलो होतो. पुन्हा सगळं उघडायचं म्हणजे तुला सांगायचं की चुकलं.

मी म्हटलं, "आहे, आहे. वरच आहे."

"मंग नरम काहून?"

"नवीन आहे ना. बसेल."

तू माझ्यावर विश्वास ठेवलास. चाकाशी मी होतो, तू नव्हतास.

रविवारी ओव्हरसियर आले. पांढरं धोतर, काळा कोट, काळी टोपी. चहा झाला, चिवडा झाला. गाडीत जागा दोघांची, म्हणून ते तुझ्या बाजूला आणि मी मागून सायकलवर. सेमिनरी हिल्सच्या चढावर तुम्ही माझ्यासाठी थांबलात. मी धापा टाकत पोचलो, ओव्हरसियर म्हणाले, "मुलाचा दम चांगला आहे." मग तुम्ही फुटाळा तलावाच्या बाजूला उतरू लागलात आणि मी मागोमाग, पायडल न मारता, वाऱ्यावर.

मी सांगतो त्या किश्श्यात इथं तू देवाचा धावा करतोस, सीटखाली ब्रेक शोधतोस, ओव्हरसियरांच्या मांडीवर चढतोस. लोक इथंच सर्वांत जास्त हसतात. मी मागून पाहिलं ते सांगतो. वळणाआधी मागचा लाल दिवा लागला, विझला, लागला, विझला. तू पायडल दाबून पाहत होतास आणि ते जमिनीला टेकत होतं. तुझी मान हलली नाही. इंजिनाचा आवाज चढला, तू गिअर खाली टाकलास, पुन्हा खाली टाकलास, मागची चाकं हँडब्रेकनं झटके खात होती. डावीकडं दगडी भिंत होती, उजवीकडं उतार, आणि भिंत संपते तिथं रस्त्याच्या कामाची गिट्टी ओतलेली होती. तू गिट्टी निवडलीस. गाडी त्या ढिगात नाक खुपसून थांबली. ओव्हरसियर पुढं गेले नाहीत, कारण तुझा डावा हात त्यांच्या छातीवर आडवा होता. तुझ्या मनगटाला आयुष्यभर लचक राहिली ती तिथली. टोपी मात्र उडाली आणि ढिगाच्या टोकावर जाऊन बसली. तेवढी टोपी खरी आहे.

मी सायकल टाकून धावलो. ओव्हरसियर उतरले, कोट झटकला, गिट्टीतला एक खडा उचलून बोटात फिरवला. सरकारी माणूस, आधी गिट्टी तपासली. मग विचारलं, "ब्रेक कोणी बसवले होते?"

तू म्हणालास, "मी. चूक माही आहे."

तुला तेव्हा ठाऊकही नव्हतं चूक कोणाची. गाडी तुझी, म्हणून चूक तुझी, इतकाच तुझा हिशेब. ठाऊक मला होतं. मी ढिगावर चढून टोपी आणली आणि दोन्ही हातांनी त्यांना दिली. ते आपल्या माणसांजवळ म्हणाले म्हणे, "मुलगा नम्र आहे. भावाच्या नादी लागू देऊ नका." लग्न ठरलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तू माझ्या घरी आलास. मनगटाला हळद-चुन्याचं फडकं. चाकं उघडून पाहिली होतीस. म्हणालास, "निपल खाली होतं, बंडू."

मी म्हटलं, "असं?"

एक शब्द, दादा. माझी पंचवीस वर्षांची मास्तरकी, हजारो शब्द रोज, आणि त्यातला हा एक परत घेता आला तर बाकी सगळे देऊन टाकीन. तू माझ्याकडं पाहिलंस. किती वेळ पाहिलंस मला सांगता येत नाही, मी चहाच्या कपात पाहत होतो. मग म्हणालास, "आता वर केलं." चहा प्यालास आणि गेलास.

त्यानंतर हवा काढायला तू मला कधी बोलावलं नाहीस. बाटलीत थोडं तेल घालून, निपलला रबरी नळी लावून तिचं टोक त्यात बुडवायचं आणि एकट्यानं काम करायचं, हे तू कुठूनसं शिकलास. मी येताजाता त्या बाटलीकडं पाहायचो आणि दुसरं काहीतरी बोलायचो.

आणि किस्सा? लग्नाच्या पंगतीत कोणीतरी म्हणालं, ते गिट्टीचं काय झालं होतं रे. मी सांगायला लागलो. लोक हसले. मला लोक हसलेले आवडतात, त्यात माझा काही इलाज नाही. पुढच्या लग्नात थोडं वाढवलं. पुढच्या बारशात आणखी. पण त्या पहिल्याच पंगतीत त्यात एक वाक्य येऊन गेलं होतं: "मी याला विचारतो, दादा, निपल वर आहे ना? आणि हा म्हणतो, आहे, आहे, वरच आहे!" माझं वाक्य मी तुझ्या तोंडी घातलं. तू समोर बसला होतास. मी सांगताना तुझ्याकडं पाहिलं नाही, पण कान तुझ्याकडं होते. थोडा वेळ काही नाही. मग तुझा आवाज आला, "अन् टोपी? टोपीचं सांग ना बे!"

मी ते माफी समजलो. सोयीचं होतं.

आज सकाळी साडेआठला मी तुझ्या घरी गेलो. मीना मावशीकडं गेलेली. वहिनी व्हरांड्यात मांडवाची दोरी गुंडाळत होती. मी उभ्यानंच सांगितलं. कोणाचा आवाज न काढता. मला वाटलं होतं पाच मिनिटं लागतील. दीड मिनिटात संपलं. खरी गोष्ट इतकी छोटी आहे.

ती दोरी गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे यायनं बसवलेले ब्रेक कधी फेल झालेच नाही?"

"नाही वहिनी."

"एकदाही?"

"एकदाही नाही. पचमढीचा घाट उतरून आला तो. दोनदा."

"एकटेच गेले होते," ती म्हणाली. "मले म्हणत होते चाल. मी म्हटलं, माह्यं डोकं दुखते."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. ती म्हणाली, "थांबा. बोलू नका तुम्ही. तुम्ही खूप बोलले."

दोरीचं भेंडोळं तिनं मांडीवर ठेवलं. मग मला सांगितल्यासारखं नाही, मोजल्यासारखं बोलू लागली. "रामटेकले माहेरी जाचो आम्ही, दर दिवाळीले. सामान गाडीत, मी बसमंधी. ट्रंक गाडीत, संत्र्याची पेटी गाडीत, माह्या आईसाठी घेतलेलं लुगडं गाडीत. हे पयले पोचत. मी बसमधून उतरली का स्टँडवर उभे. छत्री घेऊन. लोक हसत. म्हणत, जवाईबापू, बायको विसरले का मांगं?" तिचा आवाज कुठं हलला नाही, तेच मला सोसवेना. "मी म्हणो, तुमचे ब्रेक तुम्हालेच लखलाभ. तर हसत. कधी म्हटलं नाही, का बंडूनं बसवले होते उलटे. एकदा म्हटलं असतं. मी काय तुमच्या घरी सांगाले गेली असती?"

मला ठाऊक नाही, दादा. काहून नाही सांगितलंस? कदाचित तुला वाटलं असेल, ती माझ्या बायकोला बोलेल, बायको बापाला, आणि माझ्या घरात त्या 'असं?'ची किंमत मला मोजावी लागेल. कदाचित एकदा 'चूक माही' म्हटलं की तुझ्या लेखी ते संपलं असेल. की मीच सांगेन म्हणून वाट पाहत होतास? दर खेपेला, टोपीच्या आधी तू जो जरासा थांबायचास, तो त्यासाठी होता का? हे शेवटचं मला काल रात्रीपासून झोपू देत नाही. तू असतास तर हेही म्हणाला असतास, की बंडू, तू फार वाढवून राह्यला.

वहिनी उठली. पदर कमरेला खोचला आणि अंगणातल्या शेडकडं गेली. मी मागं गेलो, दाराशी थांबलो. तिनं गाडीवरचं ताडपत्रीचं पांघरूण एकटीनं ओढून काढलं. मी पुढं झालो तर हातानंच नको म्हणाली. तुझ्या सीटला चार ठिकाणी चामड्याची ठिगळं, बसून बसून खोलगट झालेली. बाजूची सीट नवी करकरीत. तू तिचं रेक्झिन बदललं होतंस, शिवणीवर खडूच्या खुणासुद्धा अजून तशाच. त्यानंतर त्यावर कोणी बसलेलंच नव्हतं. मीही नाही. तू म्हणायचास, "चाल बंडू, चक्कर मारून येऊ," आणि मी म्हणायचो, पुढच्या रविवारी.

ती त्या सीटवर बसली. पाय जवळ घेऊन, हात मांडीवर ठेवून, समोर काचेत पाहत. डोक्यावरून पदर घेतला.

"दार लावा," ती म्हणाली.

ते दार घट्ट बसलेलं होतं, मला खांद्यानं लोटावं लागलं.

"अन् जा तुम्ही."

मी फाटकापर्यंत गेलो. तिथून पुढं पाय निघेनात. दहाच्या सुमारास भंगारवाला हातगाडीवर दोरखंड आणि दोन माणसं घेऊन आला. मी म्हटलं, गाडी द्यायची नाही. तो वैतागला. म्हणाला, "काल तं बाई हो म्हणे. माणसं घेऊन आलो ना मी. काय झालं? खराबी निघाली का गाडीत?"

"गाडीत नाही," मी म्हटलं.

त्यानं माझ्या खांद्यावरून शेडकडं पाहिलं. उभ्या गाडीत एक बाई डोक्यावर पदर घेऊन बसलेली. आवाज उतरवून म्हणाला, "मंग कशात?"

मी त्याला सांगितलं. का सांगितलं, विचारू नकोस. फाटकाशी उभं राहून, सगळं, कामठीच्या पोत्यापासून. निपल खाली होतं आणि मी पाहिलं होतं, हे सांगितलं. तू विचारलंस आणि मी 'आहे, आहे' म्हटलं, हे सांगितलं. कुठं हात वर केला नाही, कोणाचा आवाज काढला नाही. टोपीचं आलं तेव्हा त्याची माणसं जराशी हसली, तो हसला नाही. लोखंडातला माणूस, त्याला निपल कळत होतं. शेवटी त्यानं दोरखंड पुन्हा हातगाडीवर टाकला आणि साधंच विचारलं, "मंग इतके वर्षं काहून नाही सांगितलं हो, मास्तर?"

मी फाटक लावून घेतलं. घरी आलो, दादा, आणि हे लिहायला बसलो.